भिंतीने अडवले कोणाला?

साशंक : चीनची भिंत म्हणून आपण जिच्याबद्दल बोलतो ती एक वस्तू नाहीच, सुरुवात इथूनच करू. बीजिंगजवळ बादालिंगला पर्यटक जिच्यावर चढतात ती विटांची भिंत मिंग काळातली, बहुतांशी सोळाव्या शतकातली. पहिल्या छिन सम्राटाची भिंत माती-दगडांची होती, बरीच उत्तरेला होती आणि आज कित्येक ठिकाणी तिचा नुसता उंचवटा उरला आहे. २०१२ मध्ये चीन सरकारने २१,१९६ किलोमीटरचा आकडा जाहीर केला. ती सगळ्या राजवटींच्या भिंती, खंदक आणि फाटे यांची बेरीज आहे. प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली एकच महाभिंत ही कल्पना किती अलीकडची आहे, हे इतिहासकार आर्थर वॉल्ड्रन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवले. तांग राजवटीने भिंतींवर फारसा भर दिला नाही, सोंगांच्या हाती उत्तरेचा तो डोंगराळ पट्टाच नव्हता आणि मंगोलांच्या युआन राजवटीला भिंतीची गरज नव्हती. सुरुवातीच्या भिंती तर चिनी राज्यांनी एकमेकांविरुद्धच घातल्या. शांदोंगमधल्या छी राज्याची भिंत दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे तोंड करून उभी होती, आणि तिकडे घोडेस्वार भटके नव्हतेच. तेव्हा चिनी लोकांनी परकीयांपासून बचाव करण्यासाठी भिंत बांधली, हे शाळेत पाठ केलेले वाक्य कितपत टिकते?

कैवारी : भिंत एक नव्हती हे कबूल. माझा पहिला पुरावा तोच आहे. एखाद्या घराण्याची ती लहर असती तर त्याच्याबरोबर संपली असती. इथे तर एकमेकांशी काही संबंध नसलेल्या सत्ता पुन्हा पुन्हा त्याच उपायाकडे वळलेल्या दिसतात. इ.स. ४२३ मध्ये उत्तर वेई राजवटीने उत्तरेच्या रौरान टोळ्यांविरुद्ध दोन हजार लींहून लांब भिंत घातली. एक ली म्हणजे ढोबळमानाने अर्धा किलोमीटर. हे वेई राज्यकर्ते कोण होते? शियानबेई, म्हणजे स्वतःच गवताळ प्रदेशातून आलेले. बाराव्या शतकात जुर्चेन लोकांच्या जिन राजवटीने मंगोलांविरुद्ध मैलोन्‌मैल खंदक खणले आणि बांध घातले. घोड्यावर वाढलेल्या माणसांना घोडेस्वार कशाने अडतो आणि कशाने अडत नाही, हे कोणी शिकवायला नको होते. शेतकऱ्यांच्या मनातली परक्यांची भीती एवढेच भिंतीचे कारण असते, तर या लोकांनी ती बांधली नसती.

साशंक : त्या जिन भिंतीचे पुढे काय झाले तेही सांगा. १२११ मध्ये चंगीझ खान ती ओलांडून आत आला आणि १२१५ मध्ये झोंगदू, म्हणजे आजच्या बीजिंगच्या जागी असलेली जिन राजधानी, पडली. जाणकारांनी बांधलेली भिंत जाणकारांनीच ओलांडली.

कैवारी : चंगीझ खानाची स्वारी हे भिंतीचे माप नव्हे. स्वारी वेगळी आणि धाड वेगळी. सीमेवरच्या खेड्याला वर्षानुवर्षे छळणारी गोष्ट म्हणजे धाड. शेदोनशे स्वार येतात, गुरे, धान्य आणि माणसे उचलतात आणि फौज जमण्याआधी पसार होतात. त्यांची सगळी कमाई वेगात असते. चार-पाच मीटरची भिंत माणूस शिडी लावून चढेल, पण घोडा चढत नाही आणि लुटलेली गुरे तर मुळीच चढत नाहीत. भिंत आत येणाऱ्याला फार थोपवत नाही, ती परत जाणाऱ्याला अडकवते. १४७४ मध्ये यू झिजुन या अधिकाऱ्याने ओर्दोसच्या, म्हणजे ह्वांग हो नदीच्या मोठ्या वळणातल्या पट्ट्याच्या, दक्षिण कडेने १,७७० ली लांबीची भिंत चाळीस हजार सैनिकांकडून तीन महिन्यांच्या आत बांधून घेतली. तेव्हा दरबारात तिच्यावर बरीच टीका झाली. १४८२ मध्ये धाड घालायला आत शिरलेले मंगोल त्याच भिंतीच्या आणि खंदकाच्या पेचात सापडले, त्यांना बाहेर पडायला वाट मिळेना आणि त्यांचा मोठा पराभव झाला. सीमेवरचे लोक त्यानंतर यू झिजुनचे नाव काढत राहिले, असे मिंग इतिहासातच नमूद आहे.

साशंक : १४८२ चा दाखला मी नाकारत नाही. पण ती भिंत ज्या वर्षी बांधली त्याच्या आधीचे वर्षही पाहू. १४७३ मध्ये वांग यूए या सेनापतीने काही हजार निवडक घोडेस्वार घेऊन थेट ओर्दोसमधल्या मंगोल तळावर छापा घातला आणि तळ जाळला. मंगोल काही काळ नदीपलीकडे गेले आणि त्या उसंतीत भिंत उभी राहिली. म्हणजे हल्ल्याने मिळवलेल्या वेळेचे श्रेय आपण भिंतीला देतो. पुढे काय झाले? ओर्दोसची बाजू बंद झाली तसा भार दातोंग आणि शुआनफू या पूर्वेकडच्या ठाण्यांकडे सरकला. १५४० च्या दशकात तिथे वेंग वांदा या अधिकाऱ्याने भिंती घातल्या. १५५० मध्ये मंगोल सरदार अल्तान खान आणखी पूर्वेला वळला, गुबेईकौ खिंडीच्या बाजूने आत शिरला आणि त्याच्या स्वारांनी बीजिंगच्या वेशीबाहेरची वस्ती लुटली, जाळली. त्यानंतर भिंती त्या बाजूला. छपराचे एक कौल बदलले की पाणी शेजारच्या कौलातून गळायला लागते, तसा हा प्रकार. प्रत्येक भिंत पुढच्या भिंतीची गरज निर्माण करते आणि दरबाराला मात्र वाटत राहते की आपण काहीतरी करतो आहोत.

कैवारी : तुम्ही गळती मोजता. न गळलेले पावसाळे कोण मोजणार? एखादी टोळी बुरुजावरचा धूर पाहून मागे फिरली तर तिची नोंद कुठल्या इतिहासात होणार? इतिहासकार राजधानीत बसून मोठे पराभव लिहितो. भिंतीचे यश म्हणजे काहीच न घडणे, आणि काहीच न घडण्याला बखर नसते. सुदैवाने एका ठिकाणी अशा काही न घडलेल्या दिवसांच्या नोंदी टिकल्या आहेत.

इथे कैवाऱ्याने काढलेला पुरावा या सगळ्या वादात सर्वांत जवळून पाहण्याजोगा आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवे. हान राजवटीने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडे दुनहुआंगपर्यंत सीमारेषा नेली. तो सगळा वाळवंटी पट्टा, तिथे ना चांगली माती ना दगड. मग वाळू-खडीचा एक थर, त्यावर बोरू आणि झाऊच्या काटक्यांच्या पेंढ्यांचा एक थर, पुन्हा खडी, असे करत भिंत रचली गेली. १९०७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन तिथे पोचला तेव्हा त्यातल्या पेंढ्या अजून शाबूत होत्या. त्याच सीमेच्या जुयान भागात १९३० मध्ये सुमारे दहा हजार आणि १९७० च्या दशकात आणखी सुमारे वीस हजार लाकडी पट्ट्या सापडल्या. कागद यायच्या आधीचे हे सरकारी दप्तर. कुठल्या बुरुजावर किती माणसे, किती बाण, कोणाचे धनुष्य नादुरुस्त, कोणाला किती धान्य दिले, सगळे त्यात आहे. शत्रू किती संख्येने दिसला, दिवस आहे की रात्र, यावरून किती झेंडे, किती मशाली आणि किती गंजी पेटवायच्या याचे कोष्टक आहे. आणि सर्वांत साधी नोंद रोजच्या गस्तीची आहे. सीमेलगत वाळूचा एक पट्टा दंताळ्याने सारखा करून ठेवत. रोज सकाळी शिपाई त्या पट्ट्याच्या कडेने चालत जाई आणि वाळूवर माणसाचे वा घोड्याचे पाऊल उमटले आहे का ते पाही. उमटले नसेल तर तसे लिहून ठेवी. दिवसामागून दिवस, शिपायामागून शिपाई, तेच वाक्य.

कैवारी : भिंत म्हणजे नुसता दगड-विटांचा बांध, हे चित्र या पट्ट्या पाहिल्यावर पुसायला हवे. भिंत म्हणजे पहारा, खूण, निरोप, कोठार आणि हिशेब. तिचा खरा माल विटा नव्हेच, बातमी. शत्रू अजून दोन दिवसांच्या अंतरावर आहे हे ठाणेदाराला आज कळणे, यासाठी हा सगळा खटाटोप. माणसे निघून गेली की भिंतीची नुसती माती उरते. छिन राजवटीचेच घ्या. इ.स.पू. २१५ मध्ये सेनापती मंग तिएन तीन लाख फौज घेऊन उत्तरेला गेला, शिओंग्नू या भटक्या टोळ्यांना ओर्दोसमधून हटवले आणि जुन्या राज्यांच्या भिंती जोडून सीमा बांधून काढली. तो असेपर्यंत ते परत फिरकले नाहीत. इ.स.पू. २१० मध्ये सम्राट वारला, मंग तिएनला विष घ्यायला भाग पाडले, देशात बंडाळी माजली, पहाऱ्यावर आणून बसवलेले लोक घरोघरी निघून गेले आणि मगच शिओंग्नू नदी ओलांडून परत आले. भिंत तीच होती, तिच्यातली माणसे गेली होती.

साशंक : तुमच्या मंग तिएननेच मला हवा तो मुद्दा पुढे आणला. ओर्दोस कोणाचे होते? ह्वांग हो नदीच्या मोठ्या वळणातला तो पट्टा गुरे-मेंढ्या राखणाऱ्यांचा. छिन फौज तिथे गेली, त्यांना हुसकावले आणि मग हुसकावलेल्या जागेभोवती भिंत घातली. इतिहासकार निकोला दि कोस्मो यांनी त्याही आधीच्या झाओ आणि यान राज्यांच्या उत्तरेकडच्या भिंती तपासून हेच मांडले आहे: या भिंती शेतीच्या कडेला नव्हत्या, त्या कुरणांत खोलवर घुसलेल्या होत्या. बळकावलेले राखण्यासाठी त्या होत्या, असलेले वाचवण्यासाठी नव्हे. आणि परिणाम पाहा. कुरणे गेली आणि थोड्याच वर्षांत, इ.स.पू. २०९ मध्ये, मोदुन शिओंग्नूंच्या सत्तेवर आला. त्याने विखुरलेल्या टोळ्यांची एक बलाढ्य सत्ता उभी केली. इ.स.पू. २०० मध्ये त्याने हान वंशाच्या संस्थापकालाच बायदेंगला सात दिवस वेढ्यात कोंडले. भिंत शत्रूमुळे आली की शत्रू भिंतीमुळे घडला, हे आपण कधी विचारतच नाही.

कैवारी : विचारायलाच हवे, पण उत्तर इतके सरळ नाही. एक कारण पुढे आले म्हणून दुसरे नाहीसे होत नाही. मोदुनच्या उदयात कुरणे जाण्याचा हात असेल, छिन सत्ता कोसळल्याचाही असेल. शिवाय एकदा आखलेली रेषा दोन्ही बाजूंना उपयोगी पडते हे विसरू नका. इ.स.पू. १६२ मध्ये हान सम्राट वेन याने शिओंग्नूंच्या चान्यूला, म्हणजे त्यांच्या राजाला, पत्र पाठवले, त्यात भिंतीच्या उत्तरेचे धनुर्धारी लोक चान्यूचे आणि आतले आपले, अशी वाटणी स्पष्ट मांडली होती. भिंत नसती तर ही वाटणी कशाकडे बोट दाखवून केली असती? तह करायलाही एक ठरलेली जागा लागते.

साशंक : वाटणी कोणाकोणाची? तुम्ही ज्या पावलांच्या नोंदी दाखवल्या त्या मीही वाचल्या आहेत. त्यांत फक्त बाहेरून आत आलेली पावले शोधायची नसत, आतून बाहेर गेलेलीही शोधायची असत. नोंदीत दोन्ही दिशा आहेत. आणि यामागचा विचार एका अधिकाऱ्याने उघडपणे लिहून ठेवला आहे. इ.स.पू. ३३ मध्ये हान दरबाराशी जुळवून घेतलेल्या हुहान्ये चान्यूने सुचवले की सीमा आम्ही राखू, तुमचे शिपाई घरी पाठवा. होकाराकडे दरबाराचा कल होता. तेव्हा हौ यिंग याने विरोधात दहा कारणे दिली. त्यांतली कितीतरी आतल्या लोकांबद्दल आहेत. पूर्वी फौजेतून तिकडेच राहिलेल्यांचे गरीब नातलग तिकडे जातील, सीमेवरच्या घरांतले गुलाम पळतील कारण तिकडे सुखाने जगता येते असे त्यांच्या कानावर आले आहे, गुन्हेगार निसटतील. स्वतःच्या रयतेला कोंडण्यासाठी भिंत हवी, हे याहून स्पष्ट कोणी लिहिणार? सोळाव्या शतकातही तेच. अल्तान खानाच्या मुलखात हजारो चिनी शेतकरी, कारागीर आणि छळाला कंटाळलेले श्वेतकमल पंथाचे लोक जाऊन वसले होते. ते तिथे शेती करत होते, घरे बांधत होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिनी माणसे होती.

कैवारी : हे मी लपवणार नाही. ज्या राज्याचा सगळा डोलारा शेतसाऱ्यावर आणि वेठीच्या श्रमावर उभा आहे, ते राज्य माणसे हातची जाऊ देत नाही. तुम्ही त्याला कोंडणे म्हणता. मी म्हणेन की त्याच राज्याने दुष्काळात कोठारेही उघडली, आणि सीमा ढिली पडली तेव्हा पहिला बळी त्याच शेतकऱ्याचा गेला. हौ यिंगच्या दहा कारणांत शिओंग्नू स्वतः उलटतील हेही एक कारण आहे. बाकीची नऊ दाखवून ते झाकता येणार नाही.

साशंक : आणि भिंत बांधताना कोण मेले? सुई राजवटीत ६०७ मध्ये दहा लाखांहून अधिक मजूर भिंतीच्या कामाला जुंपले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मेले, असे त्या घराण्याच्या इतिहासात लिहिले आहे. काम चालले होते आठवड्यांच्या हिशेबात, वर्षांच्या नव्हे. त्याआधी ५५५ मध्ये उत्तर छी राजवटीने नऊशे लींच्या भिंतीसाठी अठरा लाख माणसे पाठवली. नवरा भिंतीच्या कामावर मेला म्हणून जिच्या आक्रोशाने भिंत कोसळली, ती मंग जियांगची कथा चीनमध्ये शतकानुशतके सांगितली जाते आणि शानहाइग्वानजवळ तिचे देऊळ आहे. लोकांनी भिंतीची आठवण कशी ठेवली ते यात दिसते.

कैवारी : सुईंचा इतिहास त्यांना उलथून आलेल्या तांगांनी लिहिला. आधीच्या सम्राटाला क्रूर ठरवण्यात त्यांचा फायदा होता. आकडे जसेच्या तसे घेऊ नका.

साशंक : आकडा अर्धा करा, पाव करा. उरलेली माणसे कोणत्या खात्यात घालणार?

या प्रश्नाला कैवाऱ्याने उत्तर दिले नाही, आणि देण्यासारखे उत्तर आहे असे या लेखकालाही वाटत नाही. ज्या धाडी टळल्या त्यांची मोजदाद नाही, ही कैवाऱ्याची तक्रार रास्त आहे. पण जे बांधताना मेले त्यांचीही खरी मोजदाद नाही. हान काळातल्या सिमा छिएन या इतिहासकाराने छिन भिंतीवर स्वतः फिरून मंग तिएनचे चरित्र लिहिले. त्यात मरताना मंग तिएन म्हणतो की एवढी लांब भिंत बांधताना आपण कुठेतरी पृथ्वीच्या नाड्या तोडल्या असाव्यात, तेच आपले पाप. सिमा छिएनला ते मान्य नाही. देश नुकताच युद्धांतून बाहेर आला होता, लोकांच्या जखमा ओल्या होत्या, अशा वेळी सम्राटाला थांबवायचे सोडून याने माणसे राबवली. मग मरण आले तर पृथ्वीच्या नाड्यांना दोष कशाला, असे तो ठणकावतो. या सगळ्या वादात इतके थेट बोट दुसऱ्या कोणी ठेवलेले नाही.

साशंक : आता आपण मिंग काळावर येऊ, कारण निकाल लागला तर तिथेच लागेल. १५४१ मध्ये अल्तान खानाचा दूत शी तिएनजुए दातोंगला आला. मागणी एकच: बाजार उघडा, आम्ही घोडे देतो, तुम्ही कापड आणि धान्य द्या, धाडी थांबतील. दरबाराने नकार दिला, वर अल्तानच्या शिरावर बक्षीस लावले. पुढच्या वर्षी दूत पुन्हा आला तेव्हा त्याला ठार केले. दुसऱ्या बाजूने झेंग शिएन या अधिकाऱ्याने ओर्दोस जिंकून घ्यायची योजना मांडली, तर १५४८ मध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. लढायचे नाही, बाजारही द्यायचा नाही. मग उरते काय? भिंत. जो निर्णय दरबाराला घेता येत नव्हता तो त्याने विटांत बांधून टाकला. दरम्यान तीस वर्षे सीमा जळत राहिली. १५७१ मध्ये शेवटी तह झाला तेव्हा अल्तानला 'शुनयी वांग' (आज्ञाधारक, न्यायी राजा) ही पदवी आणि सीमेवर घोडेबाजार मिळाले. १५४१ मध्ये त्याने मागितले होते त्याहून फारसे वेगळे नाही.

कैवारी : वेगळे नाही खरे, पण देणाराही तोच होता का? १५७० मध्ये अल्तानचा नातू घरच्या भांडणातून मिंगांकडे पळून आला आणि वांग चोंगगू, गाओ गोंग, झांग जुझेंग या मिंग अधिकाऱ्यांच्या हातात पत्ता आला. पण त्याआधी दोन दशके सीमा घट्ट होत गेली होती. तह कमजोर माणसाने केला तर त्याला खंडणी म्हणतात. दारे बंद करता येतात हे दाखवल्यावरच उघडण्याला किंमत येते. तो बाजार कसा चालला ते पाहा. मंगोलांना हव्या होत्या रोजच्या स्वयंपाकाच्या लोखंडी कढया. दरबारात त्यावर वाद झाला की हे लोखंड वितळवून उद्या बाणांची टोके केली तर? मग कोणत्या ओतीव लोखंडाची हत्यारे होत नाहीत, जुनी फुटकी कढई घेऊन नवी द्यावी का, असे पर्याय तपासले गेले. कढईवर इतका बारकाईने विचार करायला वेळ आणि निवांतपणा लागतो. तो भिंतीने दिला.

साशंक : किंवा भिंतीमुळे तो तीस वर्षे उशिरा सुचला. आणि तह झाल्यावरही पूर्वेला बांधकाम थांबले नाही. १५६८ पासून सेनापती छी जिगुआंग बीजिंगजवळच्या जीजेन सीमाभागात बुरुज उभारत होता, हजाराहून अधिक झाले, प्रत्येकात तीस-पन्नास माणसांची, धान्याची आणि हत्यारांची सोय. जगभर छायाचित्रांत दिसणारी भिंत बऱ्याच अंशी तीच. १६२९ मध्ये मांचूंचा राजा होंग ताइजी शानहाइग्वानचे नाके टाळून, मंगोल मुलखातून वळसा घालून, याच जीजेन भागातून आत आला आणि बीजिंगच्या दारात उभा राहिला.

१६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली, तो दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो, म्हणून तो कोणाच्याच कामाचा नाही. बीजिंग आधी पडले ते ली झिचेंगच्या बंडखोरांपुढे, म्हणजे आतल्यांपुढे. आणि शानहाइग्वानचे दार मांचूंना वू सानगुई या मिंग सेनापतीनेच उघडून दिले. भिंत त्या दिवशी फुटली नाही. त्यानंतरचे मांचूंच्या छिंग राजवटीचे धोरण जास्त बोलके आहे. १६९१ मध्ये गुबेईकौच्या भिंतीची डागडुजी करायची परवानगी कांगशी सम्राटाने नाकारली. त्याच वर्षी दोलोन नोरला खाल्खा मंगोलांनी त्याचे आधिपत्य मान्य केले होते, आणि हे मंगोल हीच आपली तटबंदी असे त्याचे म्हणणे होते. त्याच घराण्याने आपल्या मायभूमीत, मांचुरियात, विलोच्या झाडांचे लांबलचक कुंपण मात्र राखले. चिनी शेतकऱ्यांनी आणि मंगोलांनी त्या भूमीत शिरू नये म्हणून.

कैवारी : म्हणजे कांगशीनेही कुंपण सोडले नाही, फक्त दिशा बदलली. मिंगांच्या जीजेनबद्दल बोलायचे तर एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. अल्तानशी तह झाला, पण पूर्वेकडचा चाहारांचा तुमेन खान त्या तहात नव्हता. पश्चिमेला सीमा शांत झाली आणि धाडी पूर्वेला चालू राहिल्या. जिथे बाजार होता तिथे बाजाराने काम केले, जिथे नव्हता तिथे बुरुज उभारावे लागले. छी जिगुआंगसमोर दुसरा कोणता मार्ग होता?

साशंक : छी जिगुआंगसमोर नसेल. तो सेनापती होता, त्याला दिलेली सीमा राखायची होती. मी विचारतो ते दरबाराला. अल्तानला दिलेला बाजार तुमेनला का दिला नाही? तुमेन तसा माणूसच नव्हता म्हणून, की समोर हजार बुरुज उभे असल्यामुळे विचारायची निकड राहिली नव्हती म्हणून? पहिले असेल तर तुमची भिंत खरी. दुसरे असेल तर १५४१ पुन्हा एकदा घडले, फक्त शे-दोनशे मैल पूर्वेला. जीजेनच्या भिंतीचे मोल ठरवण्याआधी तुमेनबद्दलचे हे मला कोणीतरी नीट तपासून सांगावे.